आम्ही फक्त शर्यत भरवतो

बहरीनची फॉर्म्युला वन शर्यत असली की आमच्याकडे त्या रविवारी जेवणं लांबतात. दिव्यांच्या लखलखाटात धावणाऱ्या गाड्या बघायला मजा येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ही शर्यत भरवणाऱ्या कंपनीविरुद्ध मानवी हक्कांची तक्रार झाली होती आणि ती कोर्टात न जाता मध्यस्थीने मिटली, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

२०११ मध्ये बहरीनच्या सरकारने लोकशाहीवादी आंदोलन चिरडलं आणि त्या वर्षी शर्यत रद्द झाली. पुढच्याच वर्षी बाहेर अश्रुधूर चालू असताना ती पार पडली. आयोजकांचं अशा वेळी ठरलेलं उत्तर असतं : राजकारणाशी आमचा संबंध नाही. पण कंपनीचा कारभार ब्रिटनमधून चालायचा आणि ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या नियमावलीनुसार ती स्वीकारणाऱ्या देशांना कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला एक सरकारी केंद्र ठेवावं लागतं. हे केंद्र दंड करू शकत नाही, फक्त दोघांना समोरासमोर बसवू शकतं. बहरीनसाठी काम करणारी एक संघटना २०१४ मध्ये ब्रिटनच्या केंद्राकडे गेली आणि २०१५ मध्ये कंपनीने मानवी हक्क जपण्याचं लेखी वचन दिलं.

त्या वचनात एक पळवाट आहे. देशाचा कायदा आणि मानवी हक्क यांचा झगडा झाला, तर कायदा न मोडता जेवढं जमेल तेवढं कंपनी करणार. घोडं पेंड खातं ते इथेच. २०१८ मध्ये एका बहरिनी बाईला फेसबुकवरच्या मजकुरापायी तीन वर्षांची शिक्षा झाली आणि त्या मजकुरात या शर्यतीला केलेला विरोधही होता. कंपनीने चिंता व्यक्त केली, सरकारकडे विचारणा केली. बाई सुटली ती २०१९ मध्ये, राजाच्या माफीने.

फिफाविरुद्धची तक्रार मात्र वेगळ्या वाटेने गेली. फुटबॉल विश्वचषकासाठी राबणाऱ्या कतारमधल्या मजुरांसाठी बांधकाम कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या केंद्राचं दार ठोठावलं. बोलणी चालू असतानाच, २०१६ मध्ये, कतारच्या आयोजन समितीबरोबर स्टेडियमच्या बांधकामांची संयुक्त तपासणी करण्याचा करार झाला. आता संघटनेची माणसं हेल्मेट घालून साइटवर जाऊ शकत होती, मजुरांच्या राहण्याच्या खोल्या बघू शकत होती. रस्ते, हॉटेलं, मेट्रोवर राबणारे असंख्य भारतीय आणि नेपाळी मजूर या कराराबाहेरच राहिले, हेही खरं. तरी जिथे तक्रारदाराचे पाय पोचले, तिथे निदान थापा मारणं अवघड झालं.

आपल्याकडे असं केंद्रच नाही, कारण भारताने ती नियमावली स्वीकारलेली नाही. मानवी हक्क आयोगाचा रोख मुख्यतः सरकारी नोकरांवर. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या किमान वेतनासाठी थेट सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे वेठबिगारीच, असं न्यायालयाने तेव्हा बजावलं. उद्या आपल्याकडच्या एखाद्या भव्य सोहळ्याच्या मजुरांसाठी मध्यस्थी झालीच, तर कंपनीच्या गोड वचनांवर समाधान मानू नये. तक्रारदार न सांगता साइटवर येईल आणि मजुरांशी मुकादमाच्या गैरहजेरीत बोलेल, एवढं कलम आधी लिहून घ्यावं. त्यावर कंपनीची सही होत नसेल, तर खुशाल कोर्टात जावं.