मारवाडांतलें लग्न आणि पुण्याची बांधाबांध

गेल्या वैशाखांत आमची धाकटी पुतणी जोधपुरास दिली. मुलगा मारवाडी, नोकरी दोघांचीही पुण्यासच. परंतु मुलाचे आजोबा तिकडे असल्यामुळें लग्न अक्षय्यतृतीयेस, म्हणजे त्यांच्या ‘आखा तीजे’स, जोधपुरांतच व्हावें असें ठरलें. आदल्या सायंकाळीं सीमांतपूजन आणि दुसऱ्या दिवशीं पंगती उठल्या कीं लग्न आटोपलें, एवढीच आम्हां सदाशिव पेठेंतल्या लोकांची संवय. तिकडे विनायक बसवणें, पीठी, मायरा, निकासी, तोरण आणि रात्रीं फेरे असा चार दिवसांचा थाट. घरचीं सतरा माणसें न्यावयाचीं. तेव्हां माजघरांत पेट्या उघडल्या आणि वादास तोंड फुटलें.

मंडळींचें म्हणणें, प्रत्येक विधीस निराळें रेशमी लुगडें पाहिजेच. आमचें म्हणणें असें कीं वैशाखांत जोधपुरास पारा 40 अंशांच्या वर असणें हें नित्याचें. त्याच्या वायव्येस फलोदी म्हणून गांव आहे, तेथें 19 मे 2016 रोजीं 51 अंश उष्मा मोजला गेला. अशा ठिकाणीं दुपारीं पैठणी नेसून बसणें म्हणजे जरीची व जिवाची दोहोंचीही हानि. घामानें जर काळवंडते, अत्तराचा थेंब पडला तर डाग राहतो, आणि डांबराच्या गोळ्या जरीस लागून ठेवल्या तरी ती निस्तेज होते. शेवटीं तडजोड झाली. मुख्य विधी रात्रींचे. तेव्हां दोन पैठण्या मलमलींत गुंडाळून, आणि दिवसाकरितां इरकली, माहेश्वरी व धुवट सुती पातळें. पुरुषांस मलमलीचे सदरे व धोतरें. आमच्या काकांनीं मात्र पुणेरी पगडीचा डबा सोडला नाहीं; अर्धी बॅग त्यानेंच अडविली. तेथें गेल्यावर व्याह्यांनीं आठ-नऊ मीटरांचा साफा त्यांच्या डोक्यास बांधला. त्याच्या सुती वेढ्यांखालीं कान व मान झांकली जाऊन लू कशी अडते हें काकांस उमगलें, तेव्हांपासून पगडी डब्यांतून बाहेर आली नाहीं.

पण खरा प्रश्न लुगड्यांचा नव्हताच. तो होता आमच्या मातोश्रींचा. वय 84, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आणि निश्चय असा कीं नातीवर अक्षता टाकल्यावांचून आपण राहणार नाहीं. थोरल्या वहिनी म्हणाल्या, ‘‘आई, येथूनच आशीर्वाद द्या, फोनवर सारें दिसतें.’’ त्यावर मातोश्री चार दिवस कोणाशीं बोलल्या नाहींत. शेवटीं आम्हीच त्यांस डॉक्टरांकडे घेऊन गेलों. रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांनीं लघवी वाढून अंगांतलें पाणी कमी होतें. त्यांनीं गोळ्यांचें प्रमाण पाहून बदलून दिलें, दहा ते पांच बाहेर पडूं नये असें बजावलें, आणि तहान असो वा नसो, दर अर्ध्या तासानें घोट घोट पाणी घेण्याच्या अटीवर परवानगी दिली.

कोंकणांत घाम निथळतो, म्हणून उकाडा कळतो. मारवाडच्या कोरड्या हवेंत तो अंगावर येतांच सुकून जातो; अंग कोरडें लागतें आणि पाणी किती गेलें याचा पत्ता लागत नाहीं. हें आम्हीं सर्वांस बजावलें होतें. जें कोणीच बोललें नव्हतें तें असें कीं परक्या घरीं वारंवार मोरीकडे जावें लागूं नये म्हणून बायका पाणीच पीत नाहींत. पीठीच्या दिवशीं मातोश्रींनीं हेंच केलें. दुपारीं एकच्या सुमारास त्या खांबास टेकून बसल्या आणि नातीचें नांव चुकून दुसरेंच घेऊं लागल्या. आमच्या छातींत धस्स झालें. विहीणबाईंनीं तत्काळ त्यांस आंतल्या अंधाऱ्या खोलींत नेऊन निजविलें, ओलें पातळ अंगावर घालून पंखा लावला. त्या हाक मारल्यास उत्तर देत होत्या व गिळूं शकत होत्या, म्हणून पुण्याहून नेलेली पुडी फोडून चमच्यानें पाणी पाजलें. ती पुडी म्हणजे एक लिटर पाण्यास सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घरींच मोजून बांधलेली. डॉक्टरांस बोलावणें धाडलें. ते येईपर्यंत नातीचें नांव बरोबर येऊं लागलें होतें. माणूस बेशुद्ध असेल किंवा अंग तापून असंबद्ध बोलत राहील, तर मात्र तोंडानें कांहीं न देतां अंग ओलें ठेवून थेट इस्पितळ गांठावें, असें त्यांनीं आम्हांस समजावून सांगितलें. त्या दिवसापासून मातोश्रींचें फुलपात्र आणि त्यांस मोरीपर्यंत नेण्याची जबाबदारी, दोन्ही आमच्या धाकट्या मुलीकडे राहिलीं.

वडील बंधूंच्या इन्शुलिनची सोय अधिक सोपी निघाली. एका मातीच्या मडक्यांत दुसरें लहान मडकें, मध्यें ओली वाळू, वर ओलें फडकें. हवा जितकी कोरडी तितकें पाणी झपाट्यानें उडतें व आंतलें मडकें गार राहतें. हीच युक्ति मुंबईच्या दमट हवेंत इतकी साधत नाहीं. बर्फाला लागून मात्र कुपी ठेवूं नये, गोठलेलें इन्शुलिन निकामी होतें.

रुखवताविषयीं थोडें. ओल्या नारळाच्या करंज्या नेण्याचा हट्ट आमचाच. त्या गाडींतच आंबल्या. चिरोटे, अनारसे, शंकरपाळे सुखरूप पोंचले. हापूस पेंढ्यांत घालून अर्धे कच्चे नेले, तरी तिसऱ्याच दिवशीं सारे एकदम पिकले, आणि फेऱ्यांच्या आदल्या रात्रीं मारवाडी मंडळींनीं जन्मांत पाहिला नसेल एवढा आमरस झाला. सुती पायमोजे प्रत्येकास दोन जोड न्यावेत. विधीच्या वेळीं जोडे काढावे लागतात आणि तिकडच्या दगडी चौकांतली फरशी सूर्यास्तानंतरही तापलेली असते. मार्गशीर्ष-माघांतलें लग्न असेल तर हें सारें फिरतें. त्या दिवसांत तिकडची रात्र गार, तेव्हां शाली न्याव्यात.

एवढें मोजूनमापून बांधलें आणि अंतरपाट पुण्यास देवघरांतच राहिला! फेऱ्यांच्या दिवशीं सकाळीं मंगलाष्टकें म्हणावयाचीं असें दोन्ही घरांचें ठरलें होतें, मामा मुलीस घेऊन उभे, आणि धरावयास वस्त्र नाहीं. मातोश्री खुर्चीवरूनच म्हणाल्या, ‘‘अहो, कोरें वस्त्र असलें म्हणजे झालें.’’ विहीणबाईंनीं स्वतःकरितां आणलेली कोरी पिवळी ओढणी पुढें केली. भटजींनीं तीवर कुंकवाचें स्वस्तिक काढलें, आणि मातोश्रींनीं पहिली अक्षता टाकली.

परत आल्यावर पेट्या उपसल्या तेव्हां अकरा लुगड्यांची घडीही मोडलेली नव्हती, आणि प्रत्येक घडींतून मात्र बारीक वाळू गळत होती. ती ओढणी विहीणबाईंनीं परत घेतली नाहीं. सध्यां ती आमच्या देवघरांत, जुन्या अंतरपाटाशेजारीं आहे.