३६५ हे उत्तर आलं कुठून?

१ मेला झेंडावंदन झालं की प्रगतिपुस्तकं हातात पडतात. विट्यात यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला बाप आधी श्रेणी बघतो. अ-२ असेल तर खूश, क-२ असेल तर पोराला तिथंच धपाटा. खालचे तीन रकाने, विशेष प्रगती, आवड-छंद आणि आवश्यक सुधारणा, सहसा कुणी वाचत नाही. वाचून तरी काय कळणार? ‘वाचनाचा सराव करावा’, ‘गणितात लक्ष द्यावे’. अशा तयार नोंदी पुस्तिकांत छापून मिळतात, व्हॉट्सॲपवर फिरतात आणि पोरापोराच्या नावापुढं उतरवल्या जातात.

तिसरीतल्या पोरानं ५०३ मधून २६८ वजा करून ३६५ उत्तर काढलं, असं धरा. पेपरात त्यावर फुली बसते. पण त्यानं अंदाजपंचे काहीतरी लिहिलेलं नाही. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: आठातून तीन, सहातून शून्य, पाचातून दोन. हातचा घेणं त्याला उमगलेलं नाही, एवढंच. दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या पुढ्यात ठेवल्या तर गाडी रुळावर येते. ‘मोठ्यातून लहान वजा करतो, शून्यापाशी अडतो’ ही खरी नोंद. क-२ मध्ये यातलं काहीच दिसत नाही.

शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं, ते अशाच नोंदींसाठी. पहिली-दुसरीला शंभरातले सत्तर गुण आकारिक मूल्यमापनाला दिले. म्हणजे निरीक्षण, तोंडीकाम, कृती, स्वाध्याय ही साधनं. कल्पना उत्तम होती, आजही आहे. पण दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना प्रत्येक मुलाच्या, प्रत्येक विषयाच्या, प्रत्येक साधनाच्या नोंदी मागितल्या की ते नोंदवह्या भरणार नाहीत तर काय करणार?

आपल्या खानापूर-आटपाडी भागात तर खऱ्या नोंदीवाचून चालणारच नाही. सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांची कुटुंबं देशभर पांगलेली. एखादं पोर तमिळनाडूतल्या शाळेतून मधेच गावी आजीकडं येतं. पाढे तोंडपाठ, पण मराठी जोडाक्षरं फुटत नाहीत. आधीच्या शाळेच्या दाखल्यावरून गुरुजींना ते कसं कळावं? त्याला जवळ बसवून वाचून घ्यावं लागतं.

२०२३ मध्ये राज्यानं पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. नापास झाल्यास पुनर्परीक्षा. अनेक पालकांना हायसं वाटलं. मला वाटलं नाही. ज्याचा हातचा तिसरीत हुकला, त्याला पाचवीत नापास करून दोन वर्षांनी काय सांगणार?

नोंदींची संख्या कमी करा. सत्रात एका विषयाची एकच नोंद, पण त्या पोराचीच. शाळा तपासायला येणाऱ्या केंद्रप्रमुखांनी रकाने मोजू नयेत. एक नोंद उघडावी, त्या पोराला फळ्यापाशी बोलवावं आणि तेच गणित घालावं. आणि येत्या १ मेला श्रेणी बघून झाल्यावर पालकांनी विचारावं, “गुरुजी, आमचं पोरगं नेमकं कुठं अडतंय?”