जाळे तुटले, कार्यक्रम तरला

वादग्रस्त प्रश्नांवर दोन्ही बाजू मांडण्याचे प्रसारकांवरील बंधन अमेरिकेने १९८७ मध्ये उठवले आणि रेडिओचर्चेवर उजव्यांची पकड बसली. तिला शह देण्यासाठी ३१ मार्च २००४ रोजी ‘एअर अमेरिका’ हे उदारमतवादी रेडिओजाळे सुरू झाले. सॅम सीडर व जनीन गराफलो यांचा ‘मेजॉरिटी रिपोर्ट’ हा त्यावरचाच कार्यक्रम. २००६ मध्ये या जाळ्याने दिवाळखोरी पत्करली. जानेवारी २०१० मध्ये ते बंद पडले. सीडर यांनी त्याच वर्षी हा कार्यक्रम इंटरनेटवर, श्रोत्यांच्या वर्गणीच्या आधारे नव्याने उभा केला. जाहिरातदारांवरची मदार त्यामुळे कमी झाली. मात्र वर्गणीदार बहुधा आधीच सहमत असतो. मोटार चालवताना सहज कानावर पडणारे विरोधी मत ऐकणारा श्रोता मिळवणे, हे मूळ आव्हान कायम आहे.