बघायचं कोणी?

"एवढ्या मुली चित्रकला शिकतात, मग बायकांमध्ये एकही लिओनार्दो का झाला नाही?" चार नातेवाईक जमले की हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. विचारणारे बहुधा काका किंवा मामा असतात आणि उत्तर त्यांना नकोच असतं. (रागावू नका हं, काका!) पण उत्तर आहे, आणि ते एका चित्रातच आहे.

लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ साली सुरू झाली. संस्थापक सभासदांत दोन बायका होत्या, अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर. चारेक वर्षांत योहान झोफनीने सभासदांचं एक चित्र काढलं. कोट-विगातले पुरुष जमलेत आणि समोर नग्न पुरुष मॉडेल बसवलं जातंय. मग त्या दोघी कुठे आहेत? भिंतीवर! नग्न मॉडेल असलेल्या खोलीत बाईने असणं असभ्य, म्हणून त्यांच्या फक्त तसबिरी टांगल्यात. चित्रं काढणाऱ्या बायकांना चित्र करून टाकलं.

तेव्हा पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रं सर्वांत मोठी मानली जायची, आणि ती काढायला उघड्या शरीराचा अभ्यास लागायचा. तोच बायकांना बंद. अकॅडमीच्या विद्यार्थिनींना तो वर्ग मिळाला १८९३ साली, आणि तोही मॉडेलला वस्त्र गुंडाळून. त्या दोघींनंतर पूर्ण सभासद झालेली पुढची बाई म्हणजे लॉरा नाइट, १९३६ साली. पोहायला उतरूच द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, बायकांना पोहता येत नाही!

आणि बाईने बघितलं की चित्रात काय फरक पडतो? बायबलमधली सुझानाची गोष्ट घ्या. ती आंघोळ करत असताना दोन प्रतिष्ठित म्हातारे चोरून बघतात आणि धमकावतात, "आमचं ऐक, नाहीतर तुझी बदनामी करू." ती नकार देते. गोष्ट जबरदस्तीची आहे. पण तिंतोरेत्तोच्या व्हिएन्नातल्या चित्रात सुझाना शांतपणे आरशात बघत बसलीय. म्हातारे झुडपाआडून डोकावतायत, आणि आपणही तेच करतोय, फक्त समोरून. चित्र देखणं आहे, नाही कोण म्हणतंय? पण त्यात सुझानाचं म्हणणं कुठेच नाही.

आर्तेमिसिया जेंतिलेस्कीने हाच विषय १६१० साली रंगवला, वयाच्या सतराव्या वर्षी. तिच्या चित्रात बाग नाही, आरसा नाही. थंड दगडी बाक, वरून अंगावर वाकलेले दोन पुरुष, आणि तोंड फिरवून, हात वर करून त्यांना दूर लोटणारी सुझाना. तीही नग्नच आहे, पण बघताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

१६११ मध्ये आगोस्तिनो तास्सी या चित्रकाराने आर्तेमिसियावर बलात्कार केला. पुढच्या वर्षीच्या खटल्यात ती खरं बोलतेय का हे तपासायला तिच्या बोटांना दोऱ्या आवळल्या. चित्रकाराची बोटं ती! आता तिचं प्रत्येक चित्र त्या बलात्काराशी जोडतात. मला ते खटकतं. सुझानाच्या चित्रावर १६१० साल आहे, म्हणजे ते आधीचं. अत्याचार झाला म्हणून ती चित्रकार झाली नाही. १६१६ साली फ्लोरेन्सच्या कला-अकादमीत प्रवेश मिळालेली ती पहिली बाई, तो कामाच्या जोरावर. तिला फक्त 'बिचारी' म्हणून बघणं हीसुद्धा एक नजरच.

मला नग्न चित्रांबद्दल तक्रार नाही, आणि ती झाकून ठेवा असंही म्हणायचं नाही. फक्त पुढच्या वेळी एखादं 'सुंदर स्त्री'चं चित्र बघताना, ती कोणासाठी तशी बसलीय, हे स्वतःला विचारून बघा. आणि काकांचा प्रश्न पुन्हा निघाला, तर त्यांना भिंतीवरच्या त्या दोन तसबिरींबद्दल जरूर सांगा.