औषध मेंदूच्या दाराशी अडते तेव्हा

चहाचा कप खाली ठेवून दहा मिनिटे होत नाहीत, तोच आजोबा पुन्हा चहा मागतात. जबलपूरच्या गोलबाजारातून परतताना घराची गल्ली चुकतात. घरचे आधी हसतात, मग चिडतात. डॉक्टरकडे न्यायचे मात्र कितीतरी उशिरा सुचते.

भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमर.

रोग मेंदूत, तर औषधही मेंदूत पोहोचवावे. पण ते सोपे नाही. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की रक्तातले बहुतेक पदार्थ बाहेरच राहतात. 1885 मध्ये जर्मनीत पॉल एर्लिक यांनी प्राण्यांच्या शरीरात रंग टोचला. बाकीचे अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला! विषापासून वाचवणारी ही भिंत औषधालाही परकेच समजते.

मग मेंदूला लोह कसे मिळते? रक्तातले ट्रान्सफेरिन हे प्रथिन ते वाहून आणते आणि भिंतीवरच्या खास जागी चिकटून आत शिरकाव मिळवते. जबलपूरच्या वायव्येला, सागरच्या डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञांनी हीच युक्ती वापरली. स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत म्हणजे लायपोसोममध्ये त्यांनी औषध भरले आणि वर ट्रान्सफेरिन जोडले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात प्राण्यांच्या मेंदूत औषध जास्त पोहोचले. औषध कर्करोगावरचे होते, अल्झायमरवरचे नव्हे. वाट मात्र तीच. त्याच वाटेने जाणारे अल्झायमरचे एक औषध रोश ही स्विस कंपनी माणसांवर तपासत आहे. अमेरिकेत ध्वनिलहरींनी ही भिंत थोडा वेळ सैल करून औषध दिल्याचा अहवाल 2024 मध्ये आला. पण रुग्ण होते अवघे तीन. एवढ्यावर हुरळून जाण्यात अर्थ नाही.

सध्या मिळणारी डोनेपेझिलची गोळी किंवा रिव्हास्टिग्मिनची त्वचेवर लावायची पट्टी मेंदूत पोहोचते, लक्षणे काही काळ सुसह्य करते, रोग थांबवत नाही. ‘स्मरणशक्तीवर्धक’ बाटल्यांवर आजोबांची पेन्शन उधळण्याआधी बी-12 आणि थायरॉइडची रक्ततपासणी जरूर करून घ्यावी. विसरण्याचे कारण तिथे सापडले, तर त्यावर साधे, स्वस्त उपचार आहेत.