बाप्पा आले, फोन राहिला

2021 च्या सप्टेंबरची 9 तारीख. हरतालिका. घरोघर मखरं उभी राहत होती, बाजारात दूर्वा आणि केवड्याचे भाव चढले होते, आणि त्या रात्री जिओ आणि गूगल या दोन कंपन्यांचं एक पत्रक बाहेर पडलं. गणेश चतुर्थीला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, दुकानात येणारा जिओफोन नेक्स्ट येणार नव्हता. चाचण्या अजून चालू आहेत, जगभर चिपांचा तुटवडा आहे, दिवाळीपर्यंत थांबा, असा त्या पत्रकाचा मथितार्थ होता.

हा मुहूर्त गिऱ्हाइकांनी मागितलेला नव्हता. 24 जूनला जिओच्या मूळ कंपनीच्या, रिलायन्सच्या, 44 व्या वार्षिक सभेत मुकेश अंबानी यांनी तो स्वतः जाहीर केला होता. त्याच्या आदल्या वर्षी गूगलने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये 33,737 कोटी रुपये घालून 7.7 टक्के हिस्सा घेतला होता. त्या भागीदारीतून हा फोन तयार झाला होता. देशात अजून तीस कोटी लोक 2जीच्या फोनवर अडकले आहेत, त्यांना स्वस्तातला 4जी स्मार्टफोन द्यायचा, असा बेत होता. किंमत मात्र सांगितली नाही. तारीख सांगायची आणि किंमत झाकून ठेवायची, ही चलाखी बाजारात नवी नाही. बातम्यांतून साडेतीन हजारांचा आकडा फिरायला लागला आणि लोकांनी तोच धरून हिशेब मांडले.

आता हे हिशेब कोण मांडत होतं, ते पाहायला हवं. दादरा नगर हवेलीतलं रांधा हे गाव घ्या. या प्रदेशात निम्म्याहून जास्त लोक आदिवासी आहेत: वारली, कोकणा, धोडिया. घरात एक बोली, शाळेत गुजराती, मराठी नाहीतर हिंदी, आणि कामाला सिल्वासाच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या कंपनीत. त्या पट्ट्यात पॉलिएस्टर धाग्याचे कारखाने आहेत, आणि त्यांत खुद्द रिलायन्सचाही एक आहे. अशा गावात घरात स्मार्टफोन असलाच तर एकच असतो, आणि तो कमावत्या माणसाच्या खिशात असतो. तो पहिल्या पाळीला गेला की फोनही पहिल्या पाळीला जातो. कोरोनामुळे शाळा बंद होत्या त्या दीड वर्षात मुलांचा वर्ग बापाच्या पाळीप्रमाणे भरत होता. दुपारी तीननंतर बाप घरी, मग गृहपाठाचा व्हिडिओ, तोही बॅटरी शिल्लक असली आणि डाटा उरला असला तर.

हद्दीपलीकडे, पालघर जिल्ह्यात, 2020 मध्येच यावर एक वेगळा उपाय निघाला होता. दांडवळसारख्या पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनचे कार्यकर्ते लाऊडस्पीकर घेऊन जात आणि ध्वनिमुद्रित धडे ऐकवत. ‘बोलकी शाळा’ हे त्या उपक्रमाचं नाव. मुलं उघड्यावर अंतर राखून बसत आणि स्पीकर शिकवे. ज्या मुलांपाशी फोन नव्हता त्यांच्यासाठी ही सोय होती, आणि त्यांच्यासारख्यांच्याच घरी जिओफोन नेक्स्ट जायचा होता.

म्हणून चतुर्थीचं लांबणं शहरातल्या फोनशौकिनाच्या तळमळीत मोजता येत नाही. शौकीन माणसाच्या हातात जुना फोन असतोच. दोन महिने उशीर झाला तर फार तर त्याचा मित्रांपुढे मिरवायचा बेत लांबतो. इथे वाट पाहणाऱ्याकडे दुसरा फोनच नव्हता. चतुर्थी टळून दिवाळी आली तेवढ्या काळात महाराष्ट्रातल्या शाळाच उघडल्या, 4 ऑक्टोबरला, ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून. फोन बाजारात आला तेव्हा घंटा वाजून महिना झाला होता.

कंपनीची बाजू खोटी नव्हती, हेही मान्य केलं पाहिजे. 2021 मध्ये चिपांचा दुष्काळ खराच होता. टाळेबंदीत मोटार कंपन्यांनी चिपांच्या ऑर्डरी रद्द केल्या, घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉप उचलले, आणि मोटारवाले परत आले तेव्हा रांगेत जागा उरली नव्हती. त्यात फेब्रुवारीत टेक्सासात हिमवादळाने वीज गेली आणि सॅमसंगचा ऑस्टिनचा कारखाना बंद पडला. 19 मार्चला जपानमध्ये रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. तैवानला कोरड्या वर्षाने गाठलं, आणि चिप बनवायला तर शुद्ध पाणी अफाट लागतं. त्याच सप्टेंबरात आपलं उत्पादन नेहमीच्या चाळीस टक्क्यांवर येईल, असं मारुतीने सांगितलं होतं. जिओफोन नेक्स्टमध्ये क्वालकॉमची क्यूएम-215 ही चिप होती, जुन्या 28 नॅनोमीटर पद्धतीची. जुन्या पद्धतीच्या चिपांत नफा कमी, म्हणून त्यांचे नवे कारखाने फारसं कोणी उभारत नव्हतं, आणि टंचाईची सर्वात मोठी झळ त्याच चिपांना बसली. स्वस्त फोनला महाग फोनपेक्षा जास्त मार बसणार, हे ठरलेलंच होतं.

पण हा दुष्काळ काही हरतालिकेच्या रात्री अचानक पडला नाही. मारुती, फोर्ड, अॅपल, सगळे उन्हाळ्यापासून ओरडत होते. फोनच्या शेवटच्या चाचण्या व्हायच्या आहेत, हे बनवणाऱ्याला महिनाभर आधी ठाऊक नसेल असं कोण मानेल? राग होता तो आदल्या रात्री सांगण्याचा.

उशीर हा नेहमी गिऱ्हाइकाच्या मुळावरच येतो, असंही नाही. 2016 ची गोष्ट. सॅमसंगने गॅलेक्सी नोट 7 भारतात 59,900 रुपयांना जाहीर केला आणि 2 सप्टेंबरची विक्रीची तारीख दिली. तारीख पुढे गेली. आगाऊ नोंदणी केलेल्यांनी बोटं मोडली. तिकडे अमेरिकेत आणि कोरियात हेच फोन खिशात पेटत होते. ऑक्टोबरमध्ये कंपनीने तो फोनच कायमचा गुंडाळला. भारतातल्या वाट पाहणाऱ्यांचं, बोटं मोडता मोडता, कल्याणच झालं म्हणायचं. 2019 मध्ये त्याच कंपनीचा घडीचा फोन परीक्षकांच्याच हातात मोडला, तेव्हा तिने तारीख एप्रिलवरून सप्टेंबरवर नेली आणि बिजागरी दुरुस्त करून मग विकला. चाचणी झाली नाही म्हणून थांबलो, हे कारण ऐकून कोणी रागावू नये. पण ते वेळेवर सांगावं.

वाट पाहण्याचा मराठी माणसाला सराव आहे. पुण्याच्या आकुर्डीत बनणाऱ्या बजाज चेतकसाठी सत्तरच्या दशकात लोक वर्षानुवर्षं थांबले. मुलगा शाळेत असताना नोंदवलेली स्कूटर त्याच्या लग्नाला आली, असे किस्से घरोघर आहेत. तेव्हाही लोक चिडायचे, पण त्यांच्या कपाटात नोंदणीचा कागद असायचा. ‘नंबर लागला का?’ हा प्रश्न विचारता येत होता, कारण नंबर नावाची गोष्ट हातात होती. तो नंबर काळ्या बाजारात विकलाही जायचा, इतकी त्याला किंमत होती.

टाटा नॅनोचंही तेच. 2009 च्या एप्रिलमध्ये दोन लाखांहून अधिक नोंदण्या आल्या, गाड्या एक लाख. सोडत काढली. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांनी पैसे परत घ्यावेत किंवा ठेवून व्याज घ्यावं, असा पर्याय दिला. 17 जुलैला मुंबईत रतन टाटांनी पहिली किल्ली दिली. जिओफोन नेक्स्टच्याच वर्षातलं म्हणजे, चाकणला बनलेली महिंद्राची एक्सयूव्ही 700: 7 ऑक्टोबर 2021 ला नोंदणी उघडली आणि 57 मिनिटांत पहिल्या पंचवीस हजार गाड्या संपल्या. चिपांचा तोच तुटवडा, वर्ष वर्ष थांबणं, पण प्रत्येकाकडे नोंदणी क्रमांक होता आणि विचारायला शोरूम होतं.

जिओफोन नेक्स्टच्या गिऱ्हाइकाकडे यातलं काहीच नव्हतं. नोंदणी नाही, पैसे भरलेले नाहीत, पावती नाही. त्याने फक्त ऐकलं होतं आणि दुसरा फोन घ्यायचं लांबवलं होतं. त्यामुळे त्याचा राग कुठल्या आकड्यात दिसला नाही. तक्रार तरी कशाची करणार?

जिओचा आधीचा, बटणांचा फोन आला तेव्हा निदान एवढं तरी घडलं होतं. 2017 मध्येही मुहूर्त चतुर्थीच्या तोंडावरचाच होता. 24 ऑगस्टला, म्हणजे हरतालिकेलाच, संध्याकाळी साडेपाचला नोंदणी उघडली. पाचशे रुपये आधी, हजार फोन हाती पडल्यावर, आणि ही दीड हजारांची अनामत तीन वर्षांनी परत. संकेतस्थळ गर्दीने कोलमडलं, दोन दिवसांत साठ लाखांच्या आसपास नोंदण्या झाल्या आणि कंपनीने दार लावून घेतलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला मिळेल अशी अपेक्षा असलेल्या फोनचं वाटप नवरात्रात सुरू झालं. तेव्हाही ओरड झाली, पण पाचशे रुपये भरलेल्या माणसाला ओरडायचा हक्क होता.

आणि पावती असली म्हणून सगळं आलबेल असतं, असंही समजू नये. 2016 च्या फेब्रुवारीत नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीने 251 रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा केली. दिल्लीतल्या समारंभाच्या निमंत्रणावर तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचं नाव होतं. ते गेले नाहीत, हे त्यांनी शहाणपणाचंच केलं. पत्रकारांना दिलेल्या नमुना फोनवर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं, त्यावर व्हाइटनर फासलेला. नखाने खरवडला की खालून ‘अॅडकॉम’ डोकावायचं. फोनधंद्याची संघटना ओरडून सांगत होती की असा फोन साडेतीन हजारांच्या आत बसत नाही. तरी पोचवण्याच्या चाळीस रुपयांसकट 291 रुपये भरायला लोक तुटून पडले. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनी पाठपुरावा केला, गुन्हा दाखल झाला. भरलेले पैसे परत गेले, वाटपाची तारीख जूनवरून जुलैवर गेली, काही हजार फोन कुठे कुठे वाटल्याचं सांगितलं गेलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत एका वितरकाच्या तक्रारीवरून कंपनीच्या संस्थापकाला अटक झाली.

जिओची गोष्ट या पंक्तीतली नाही. फोन खरा होता आणि तो दिवाळीला आलाही, 4 नोव्हेंबर 2021 ला. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी होतं. किंमत 6,499 रुपये. साडेतीन हजार धरून बसलेल्यांनी कपाळाला हात लावला. त्याच भावात दुसऱ्या कंपन्यांचे फोन दुकानात टांगलेले होते आणि ते लगेच मिळत होते.

हप्त्यांची सोय होती. 1,999 आधी, वर 501 प्रक्रिया शुल्क, म्हणजे अडीच हजार. पुढे दोन वर्षं दरमहा तीनशे. बेरीज 9,700. त्यात महिन्याला पाच जीबी डाटा आणि शंभर मिनिटांचं बोलणं धरलेलं होतं, हे खरं. पण पाच जीबीत मुलाचे धडे महिनाभर पुरतात का, हे कुठल्याही आईला विचारावं.

सर्वात मोठी गंमत पुढे आहे. फोन घ्यायला दुकानात गेलं की मिळेल, असं नव्हतं. आधी व्हॉट्सअॅपवर एका क्रमांकाला ‘हाय’ पाठवायचं किंवा संकेतस्थळावर नाव घालायचं, निरोप आला की मग दुकानात जायचं. आता ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याने व्हॉट्सअॅपवर ‘हाय’ कुठून पाठवायचं? शेजाऱ्याच्या फोनवरून, नाहीतर सिल्वासातल्या मोबाईलवाल्याला विनंती करून. मोबाईलवाला काचेच्या काउंटरमागून कव्हर आणि स्क्रीनगार्ड विकता विकता दुसऱ्याच कंपनीचा फोन पुढे करणार, हे ओघानेच आलं. पहिलाच स्मार्टफोन घेणाऱ्यासाठी आखलेल्या योजनेत ही पायरी कोणी घातली, त्याचा सत्कार व्हायला हवा.

मे 2022 मध्ये जुना 4जी फोन देऊन जिओफोन नेक्स्ट 4,499 ला मिळू लागला. जुलै 2023 मध्ये जिओने 999 रुपयांचा जिओ भारत आणला, तो पुन्हा बटणांचा. स्वस्त स्मार्टफोनचं काम कंपनीला अवघड गेलं, याची ही उघड कबुली समजायला हरकत नाही.

कायदा यात कुठे उभा आहे? 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. तो ग्राहक धरतो पैसे मोजणाऱ्याला किंवा मोजायचं कबूल केलेल्याला. नुसत्या घोषणेवर थांबलेला माणूस त्यात सहसा बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पण सभेतलं भाषण ही जाहिरात की बातमी, यावरच वाद संपणार नाही. या कायद्याने एक गोष्ट मात्र फार चांगली केली. पूर्वी तक्रार समोरच्याच्या कार्यालयाच्या गावी किंवा जिथे व्यवहार झाला तिथे न्यावी लागे. आता गिऱ्हाईक राहतं किंवा काम करतं तिथल्या जिल्हा आयोगात ती दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. रांध्याच्या माणसाला मुंबई किंवा नोएडाच्या खेपा घालायची गरज उरलेली नाही.

तेव्हा पुढच्या सणाला कोणी नव्या फोनचा मुहूर्त जाहीर केला, तर किंमत छापील मिळेपर्यंत हातातला व्यवहार थांबवू नका. आगाऊ रक्कम दिलीत तर तारीख लिहिलेली पावती घ्या आणि पैसे भरल्याचा संदेश पुसू नका. तारीख उलटली की दुकानदाराशी हुज्जत घालत बसू नका, त्याच्या हातात काही नसतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तो बटणांच्या फोनवरूनही लागतो.