चिठ्ठी नको, अभ्यास हवा

बारावीची परीक्षा आटोपली, की पालकांची पावले धर्मगुरूंच्या निवासाकडे वळू लागतात. "फादर, मुलीला नर्सिंगला घालायचंय. सिस्टरांना एक चिठ्ठी द्या ना!" मागणाऱ्यांच्या मायेविषयी आम्हांस शंका नाही, त्यांच्या न्यायबुद्धीविषयी मात्र आहे. जागा मोजक्याच असतात. चिठ्ठीच्या बळावर एक मुलगी आत गेली, तर चिठ्ठी मिळवू न शकणारी दुसरी, कदाचित अधिक लायक अशी मुलगी बाहेर राहते. तिचे अश्रू कोणाच्या खाती मांडायचे? बाप्तिस्म्याचा दाखला हा आपल्या मुलांचा हक्क आहे. तो अवश्य मागावा. गुणवत्तेला बगल देणारी शिफारस हा कोणाचाच हक्क नव्हे.

"सेवेला मन लागते, परीक्षा कशाला?" असेही काही जण ऐकवितात. हे बोलणे भाविक वाटते, पण ते घातक आहे. दशांशचिन्ह एक घर सरकले, की औषधाची मात्रा दहापट होते. तेथे नुसती दया रुग्णाला वाचवीत नाही. परिचारिकांचे आश्रयदाते संत कमिलस यांचे तारुण्य सैन्यात आणि जुगारात गेले. पुढे रुग्णसेवेसाठी धर्मगुरू व्हावे म्हणून ऐन बत्तिशीत ते लहान मुलांच्या सोबत बसून लॅटिन शिकले व १५८४ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. संतांना अभ्यासाचा कमीपणा वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

२०२१ च्या नियमावलीनुसार बी. एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येचा कल असे पाच भाग आहेत. प्रत्येकास २० गुण. पहिल्या तिन्हींचा पाया अकरावी-बारावीच्या पाठ्यपुस्तकांतच आहे. ती नीट वाचावीत, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. कल मात्र केवळ पुस्तकाने येत नाही. वाडीतल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ आठवड्यातून तासभर बसणाऱ्या मुलीला वा मुलाला तो आपोआप कळतो.

इंग्रजी मराठी माध्यमाच्या मुलांना जड जाते, ही तक्रार खरी आहे. पण तिच्यावर चिठ्ठी हा उपाय नव्हे, आणि कर्ज काढून भरलेली क्लासची फी हाही एकमेव उपाय नव्हे. आपल्या धर्मग्रामात निवृत्त शिक्षक आहेत, आखातातून रजेवर आलेल्या अनुभवी परिचारिका आहेत, सभागृह तर रविवार सोडून बहुधा रिकामेच असते. सणाच्या रोषणाईतली एक माळ कमी केली, तर पुस्तकांचा संच येईल. आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यासवर्ग भरविणे कोणत्याही धर्मग्रामाला अशक्य नाही. अशक्य आहे ते एवढेच, की आपण काही न करता सिस्टरांनी सर्व करावे.

तेव्हा पालकहो, चिठ्ठीसाठी आमचे दार ठोठावू नका. सभागृहाची किल्ली मागायला या. ती कोणत्याही वेळी मिळेल.